हलगी कुठल्या रकान्यात लिहायची?

माझी धाकटी बहीण नववीत शिकते. मागच्या महिन्यात मी रात्रपाळी करून घरी आलो तर ती उंबऱ्यात वही घेऊन बसलेली. शाळेत आठवड्यातून एकदा संगीताचा तास असतो. बाईंनी फळ्यावर चार रकाने आखून दिले होते. तत, सुषिर, अवनद्ध, घन. तारांची वाद्यं, फुंकायची वाद्यं, चामड्यानं मढवलेली वाद्यं आणि टाळ-झांजेसारखी आपटून वाजवायची वाद्यं. अवनद्धच्या रकान्यात बाईंनी लिहून दिलेलं : पखवाज, तबला, मृदंग. त्याखाली बहिणीनं आपल्या मनानं तीन नावं घातली : हलगी, ढोलकी, संबळ. वही तपासून आली तर तिन्ही नावांवरून एकच लाल रेघ, आणि शेजारी शेरा : 'पुस्तकात नाही.'

"दादा, हलगीला चामडं नसतं का?" तिनं विचारलं.

एवढं विचारून ती दप्तर उचलून शाळेत गेली. मी आठ तास सूतगिरणीत रिंग फ्रेमपुढं उभा होतो, भरलेल्या बॉबिनी काढत आणि रिकाम्या लावत. अंग मोडून आलं होतं, तरी झोप लागली नाही. पोरीनं विचारलेला प्रश्न साधा होता. त्याचं उत्तर मात्र साधं नव्हतं.

आपल्या अंकांतून कवितासंग्रहांची समीक्षा येते, आत्मकथनांची येते. आज मी एका लाल रेघेची समीक्षा करणार आहे. ती रेघ माझ्या बहिणीच्या वहीत आहे, पण ती तिथं सुरू झालेली नाही.

*

पहिली गोष्ट. हे चार रकाने बाईंचे नव्हेत. ते भरताच्या नाट्यशास्त्रातले आहेत. अवनद्ध म्हणजे चामड्यानं मढवलेलं, तोंड बांधून घेतलेलं वाद्य. आता हलगी बघा. एक कडं, पूर्वी लाकडाचं, आता बहुतेक लोखंडाचं. त्यावर शेळीचं कातडं ताणून बसवलेलं. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक काडी. वाजवायच्या आधी कागद नाहीतर पाचट पेटवून ती शेकायची, म्हणजे कातडं ताठ होतं आणि आवाज कडक निघतो. तबलजी हातोडी घेऊन गठ्ठे ठोकतो आणि तबला सुरात लावतो, तेच काम हलगीवाला जाळावर करतो. मग पंडितांच्याच मापानं हलगी अवनद्ध नाही तर काय आहे? शंभर टक्के आहे.

म्हणजे या जागी हलगी शास्त्रानं खोडलेली नाही. ती शाळेनं खोडली. दोस्तहो, हा फरक मी मुद्दाम सांगतोय. आपण शास्त्राला शिव्या घालतो आणि तिथंच थांबतो. शिव्या घालण्याजोगं तिथं पुष्कळ आहे. पण शास्त्राच्या आड लपून शाळा, परीक्षा, क्रमिक पुस्तक आणि शिफारसपत्र जे काम करतात, ते आपल्या नजरेतून सुटतं.

बाईंवर माझा राग नाही. त्यांना जे शिकवलं तेच त्या शिकवतात. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा बघा. सहावी ते आठवीत शंभराच्या वर मुलं असली तर कलाशिक्षणाला निदेशक द्यायचा, पण तो अर्धवेळ. कायद्यानंच गाण्याला अर्ध्या पगारावर ठेवलंय. नववी-दहावीत कला हा श्रेणीचा विषय. गणिताचा मास्तर तास मागायला आला की पहिला बळी संगीताचा जातो. अशा मास्तरणीनं पुस्तकाबाहेर पाऊल टाकावं अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडानं करायची?

तेव्हा प्रश्न पुस्तकाला विचारू. हे पुस्तक आलं कुठून?

*

गाण्याची शाळा ही गोष्ट आपल्याकडं फार जुनी नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकले. ५ मे १९०१ ला त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईला आणलं. राजाच्या खिरापतीवर नाही, लोकांच्या वर्गणीवर. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये अखिल भारतीय मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा आज गावोगाव होतात त्या याच परंपरेतल्या. दुसरे विष्णु नारायण भातखंडे. पेशानं वकील. उस्तादांच्या पोटातल्या चिजा त्यांनी मिळवल्या, स्वरलिपीत बसवल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग मराठीत छापले. दहा थाट लावून रागांची मांडणी केली.

यांचं मोठेपण नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. उस्ताद पोटच्या पोरालाच चीज द्यायचा, दुसऱ्यासमोर अर्धी गायचा, त्या काळात यांनी गाणं छापलं. छापलेली गोष्ट कुणालाही वाचता येते. ज्ञानाचं कुलूप फोडणारा माणूस, मग तो कुणीही असो, आपल्याला आपला वाटला पाहिजे.

पण कुलूप फोडलं आणि दारावर नवी पाटी लावली. पाटीवर लिहिलं, 'सभ्य घरांसाठी'. गाणं दरबारातून आणि कोठीवरून उचलून मध्यमवर्गी घरात आणायचं होतं, म्हणून ते धुऊन घेतलं. प्रार्थना आली, भक्ती आली, संस्कार हा शब्द आला. ज्या मुसलमान उस्तादांनी आणि गाणाऱ्या बायांनी हे गाणं शेकडो वर्षं जगवलं, ते हळूहळू पाठाच्या खालच्या टिपेत गेले. आपल्या भागाचंच बघा. अल्लादिया खाँ कोल्हापूरला शाहू महाराजांच्या आश्रयाला, अब्दुल करीम खाँ मिरजेला. त्यांच्याकडून गाणं घेतलं, आणि पुढं शाळेत सरस्वतीच्या तसबिरीपुढं वर्ग भरू लागले.

मुसलमान उस्ताद निदान टिपेत तरी उरला. हलगीवाला, डफवाला, संबळवाला, तुणतुणेवाला यांना टीपसुद्धा मिळाली नाही. त्यांचं ते 'लोकसंगीत'. म्हणजे काय, तर जे लोक वाजवतात पण जे शिकवायचं नसतं ते. ज्याला गुरू असतो ते शास्त्र आणि ज्याला जात असते ते लोकसंगीत, अशी ही सरळ वाटणी आहे.

आता कुणी म्हणेल, जे वाद्य त्या शास्त्रात नव्हतंच ते आत कसं घ्यायचं? त्यांना मी वर्गातल्या कोपऱ्यात ठेवलेली पेटी दाखवतो. हार्मोनियमचं पेटंट १८४२ मध्ये पॅरिसला निघालं. मिशनऱ्यांबरोबर ती इकडं आली, कलकत्त्याला तिला हाताचा भाता बसला. तिच्यात मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत, म्हणून ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि १९७१ पर्यंत ती चालवली. ही परदेशी, बेसूर ठरवलेली, रेडिओनं हाकललेली पेटी आज प्रत्येक शाळेच्या संगीत वर्गात मानाच्या जागी आहे. तिच्या नावावर कुणी लाल रेघ मारत नाही. भरतानं पेटी बघितली होती का? मग 'पुस्तकात नाही' हे कारण खोटं आहे. खरं कारण दुसरं आहे. पेटी साहेबाच्या देवळातून आली. हलगी आपल्या वस्तीतून येते.

*

आता माझ्या शाळेची गोष्ट. शाळा सोलापुरातलीच, नाव कशाला पाहिजे?

आठवी-नववीत पोरांचा आवाज फुटतो. हे निसर्गाचं आहे. कालपर्यंत बासरीसारखा असणारा गळा अचानक फाटक्या पिपाणीसारखा होतो. माध्यमिक शाळेत गाणं शिकवणाऱ्याला ही गोष्ट सगळ्यात आधी कळली पाहिजे, कारण त्याच्यापुढं बसलेली निम्मी मुलं याच अवस्थेत असतात. आमच्या सरांनी त्यावर सोपा उपाय काढला होता. पेटीवर काळी चारचा सा धरायचा आणि एकेकाला म्हणायला लावायचं. ज्याचा लागला तो पुढच्या ओळीत. ज्याचा लागला नाही त्याला सूचना, "तू मागं उभा राहा. तोंड हलव, आवाज काढू नको."

मी दोन वर्षं तोंड हलवलं. प्रार्थनेला, स्वागतगीताला, १५ ऑगस्टला. साहेब लोक आले की आमच्या तोंडाकडं बघून टाळ्या वाजवायचे. कवितेत आवाज काढायला मी पुढं शिकलो त्याचं एक कारण हेही असेल. पण तो विषय वेगळा.

माझ्या शेजारी एक पोरगा उभा राहायचा. मातंग वस्तीतला. तोही तोंड हलवणारा. सर तीनताल समजावत होते. सोळा मात्रा, चार भाग, पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. आम्ही बोटं मोजत होतो आणि चुकत होतो. या पोरानं बाकावर दोन बोटांनी धरलं ते असं की मधल्या मात्रा फोडून, आडवं जाऊन, फिरून बरोबर समेवर आला. वर्ग गप्प झाला. सर म्हणाले, "बाक बडवू नकोस रे."

त्याला तीनताल कुणी शिकवला नव्हता. त्याचा बाप हलगी वाजवायचा, चुलता घुमकं आणि भाऊ कैताळ. समेवर येणं काय असतं ते त्याला चालायला लागायच्या आधी कळलं होतं. आवाज फुटलेल्या पोराला हातात ताल द्यावा, गळा बसेपर्यंत त्याला वाजवू द्यावं, एवढं साधं शिक्षणशास्त्र कुठल्याही मास्तरला सुचायला हवं. इथं तर पोरगा स्वतःच ते घेऊन आला होता. मास्तरच्या कानावर ते पडलं आणि कानाबाहेर गेलं.

पण थांबा, हलगी शाळेत येत नव्हती असं नाही. २६ जानेवारीच्या आदल्या दिवशी पीटीचे सर त्या पोराला म्हणाले, "उद्या बापाला घेऊन ये. लेझमीला हलगी पाहिजे." सोलापुरात लेझीम म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. बाप आला. झेंड्याच्या बाजूला, चुन्याच्या रेषेबाहेर उभा राहून तासभर वाजवलं. सव्वाशे पोरांची पावलं त्याच्या दोन काड्यांवर पडत होती. लेझमीची प्रशस्तिपत्रकं पोरांना मिळाली. त्याला चहा मिळाला, खुर्ची मिळाली नाही.

म्हणजे बघा. हलगी मैदानावर चालते, वर्गात चालत नाही. कवायतीला चालते, संगीताला चालत नाही. ती कष्ट म्हणून शाळेला पाहिजे, विद्या म्हणून नको. हीच तर गावकीची पद्धत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी मागणी केली होती की मास्तर कष्टकरी शेतकऱ्यांतले असावेत. तो बाप त्या दिवशी शाळेतला सगळ्यात चांगला तालाचा मास्तर होता, आणि त्याला रेषेबाहेर उभं केलं होतं.

पोरानं दहावीत शाळा सोडली. आता तो डीजेच्या टेम्पोवर वायरी जोडतो. बापाची हलगी त्या डीजेनंच बंद पाडली.

*

इथपर्यंत वाचून तुमच्यातले पुष्कळ जण माझ्यावर दात खात असतील, हे मला कळतं. म्हणत असतील, बाबासाहेबांनी जे टाकायला सांगितलं ते तू परत गळ्यात अडकवायला निघालास काय?

हा आक्षेप खोटा नाही. माझ्या घरातलाच आहे. आमचं गाव मोहोळ तालुक्यातलं. आजा सांगायचा, १९५६ च्या धर्मांतरानंतर पणजानं घरातली हलगी चुलीत घातली. कडं लाकडाचं होतं, चांगलं जळलं म्हणे. गावात दवंडी द्यायची असो, देवाची पालखी असो, पाटलाच्या घरचं लगीन असो, हलगी घेऊन पुढं पळायचं आणि जेवायच्या वेळी मागं बसायचं. कुणी विचारत नव्हतं की तुला वाजवायचं आहे का. पणजानं हलगी जाळली ती कलेचा द्वेष म्हणून नाही. सक्ती जाळली. मी त्या जाळाला सलाम करतो. तो जाळ झाला नसता तर मी आज गिरणीत नसतो आणि लिहीतही नसतो.

पण पुढं काय झालं तेही लिहिलं पाहिजे. आपण हलगी टाकली, ती मातंगांच्या गळ्यात राहिली. आणि मग आपल्यातल्याच काही शहाण्यांनी त्यांना 'हलगीवाले' म्हणून हिणवलं. सवर्णानं जो शब्द आपल्या तोंडावर फेकला तो आपण उचलून भावाच्या तोंडावर फेकला. अण्णाभाऊंच्या पोवाड्याला टाळ्या द्यायच्या आणि अण्णाभाऊंच्या वस्तीतल्या पोराला 'हलगी बडव' म्हणायचं. ही लबाडी आहे. सभेत हे कुणी बोलत नाही म्हणून इथं लिहितोय.

आता आक्षेपाला उत्तर. जन्मानं जे करावंच लागतं ते बलुतं. कुणालाही शिकता येतं, आणि नको असलं तर सोडता येतं, ती विद्या. वस्तू एकच असते. ती बलुतं आहे की विद्या, हे ती कुठं आणि कशी दिली जाते त्यावर ठरतं. हलगी गावात राहिली तर ती जात राहते. ती वर्गात आली, फळ्यावर तिच्या मात्रा लिहिल्या, तिची परीक्षा झाली, कुलकर्ण्याच्या पोरानं ती शेकली आणि त्याचे बोल चुकले म्हणून मातंगाच्या मास्तरनं त्याला परत वाजवायला लावलं, की तिची जात गेली. हलगीची जात काढण्याचे मार्ग दोनच. एक पणजाचा, जाळण्याचा. दुसरा, सगळ्यांना शिकवण्याचा. पहिला करून झाला. तो बरोबर होता. आता दुसऱ्याची वेळ आहे.

आणि याची दुसरी बाजू तेवढीच महत्त्वाची. आपल्या पोरीच्या हातात तानपुरा आलाच पाहिजे. कुणी मोठ्या मनाचा मास्तर म्हणेल, 'तुम्ही तुमचं लोकसंगीत शिका, ते किती जिवंत आहे', तर त्याच्यापासून सावध राहा. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. शिकू दिलं नाही, फारसी घ्यायला लावली. तेव्हा कुणी त्यांना हसून सांगितलं असतं की फारसीही गोड भाषा आहे, तर ते खोटं नव्हतं. पण दार बंद केलेलंच होतं. पुढं त्यांनी संस्कृत मिळवलंच. उतारवयात ते व्हायोलिन शिकायला बसले, मास्तर ठेवून, विद्यार्थ्यासारखे. घटना लिहिलेल्या माणसाला व्हायोलिनची परीक्षा द्यायची नव्हती. शिकायचा हक्क वापरायचा होता. म्हणून मी म्हणतो, नाव बघून वाद्य देऊ नका. कांबळेला हलगी आणि जोशीला सतार, ही वाटणी पुरोगामी चेहऱ्यानं आली तरी ती वाटणीच.

*

जगात हे कुठं घडलंय का? घडलंय. वेस्ट इंडीजमध्ये त्रिनिदाद नावाचं बेट आहे. गुलामांच्या वंशजांच्या ढोलावर इंग्रज सरकारनं १८८० च्या दशकात निर्बंध घातले. लोकांनी बांबू आपटून ताल धरला. मग पत्र्याचे डबे ठोकले. १९४० च्या सुमारास तेलाची पिंपं कापून, ठोकून, त्यातून सगळे सूर काढले. त्याला स्टीलपॅन म्हणतात. सुरुवातीला ते वाजवणारी पोरं गुंड समजली जायची, पोलीस मागं लागायचे. १९९२ मध्ये त्याच देशानं त्याला राष्ट्रीय वाद्य केलं, आणि आज तिथल्या शाळेत ते शिकवतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये त्याच्या नावानं जागतिक दिवस ठरवला. पिंपाला पोथीत जागा नव्हती. लोकांनी करून घेतली.

तमिळनाडू जवळ आहे. तिथलं परै हे वाद्य हलगीची सख्खी बहीण शोभेल असं. त्याच्यावरून एका अख्ख्या जातीचं नाव पडलं आणि इंग्रजीत 'परिया' म्हणजे वाळीत टाकलेला हा शब्द गेला. तिथल्या दलितांनी आधी मयतीला परै वाजवायला नकार दिला. नंतरच्या पोरांनी तेच परै मोर्चात आणि मंचावर उचललं. आधी नकार आणि मग ताबा, हा क्रम लक्षात ठेवा. नकाराशिवाय ताबा घेतला तर ती गावकी होते.

*

आता शाळेच्या पुस्तकात काय पाहिजे ते बोलू. नुसती हलगी नव्हे.

पहिलं, वाद्य कोण बनवतं ते. मिरजेची सतार आणि तानपुरा जगात जातात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. बनवणारे शिकलगार, मूळचे हत्यारांना धार लावणारे. तानपुऱ्याचा भोपळा आपल्या जिल्ह्यात, पंढरपूर भागात पिकतो. म्हणजे सरस्वतीच्या हातातलं वाद्य शेतकऱ्यानं पिकवलं आणि मुसलमान कारागिरानं घडवलं. तबल्याचं कातडं कोण कमावतो? दक्षिणेतल्या मृदंगावर टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं, ते मृदंग घडवणाऱ्यांवर. त्यात पुष्कळ जण दलित ख्रिश्चन. चामडं ओढणारा बाहेर आणि चामड्यावर थाप मारणारा पंडित, हे पोरांना पहिल्याच धड्यात कळलं पाहिजे.

दुसरं, आवाज. आपल्या गायकांचा आवाज 'खडा', 'गावठी' म्हणतात. जलसेवाले माईक नसलेल्या मैदानात हजार माणसांपुढं गात होते. वरच्या पट्टीत, मोकळ्या छातीनं गायलं नाही तर शेवटच्या माणसाला ऐकू जाणार नाही. ती त्या गाण्याची गरज होती, दोष नव्हे. दिवाणखान्यात घडलेला गळा आणि मैदानात घडलेला गळा एकाच फुटपट्टीनं कसा मोजणार? साहित्यात आपण हा प्रश्न विचारला. हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ मध्ये 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहिलं. आपल्याच जिल्ह्यातला माणूस. पण तो प्रश्न वर्गातल्या पेटीला आपण कधी विचारला?

तिसरं, माणसं. अमर शेख बार्शीचे. १९१६ चा जन्म. गिरणीत राबले, संपात उतरले, तुरुंगात गेले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजानं मैदानं भरली. १९६९ मध्ये गेले. आपल्या जिल्ह्यातल्या शाळेत संगीताच्या वहीत तानसेन असतो, अमर शेख नसतो. भीमराव कर्डक यांचे जलसे नसतात. वामनदादा कर्डक नसतात. हा माणूस १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यात जन्मला, मोठेपणी अक्षर शिकला आणि २००४ पर्यंत गात राहिला. आणि सोयराबाई? किशोरी आमोणकरांनी तिचा अभंग गायला, तो गाण्याच्या क्लासात आवडीनं शिकवतात. पण ती चोखोबाची बायको, महाराची, जिला पंढरपूरच्या देवळात पाय ठेवता येत नव्हता, हे सांगत नाहीत. तिचा सूर घेतला आणि तिला पायरीवर ठेवलं. ते देऊळ उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. वही उघडायला काय लागणार आहे?

*

शेवटी आपल्याबद्दल. शाळेला शिव्या घालणं सोपं आहे. भीमजयंतीला आपण काय करतो? जलशाची परंपरा असलेली आपली माणसं, आणि आपण लाखाची वर्गणी डीजेवाल्याला देतो. छाती हादरते, डोक्यात काही जात नाही. त्या पैशात वर्षभराचा एक मास्तर येतो. आपल्यातला एखादा प्राध्यापक झाला की पोराला शास्त्रीय क्लासला घालतो. जरूर घालावं. पण तोच जयंतीला हलगीवाल्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो.

म्हणून कामं सांगतो, घोषणा नको.

आपल्या वस्तीतली पोरं ज्या शाळेत आहेत तिथल्या मुख्याध्यापकांना भेटायचं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंतांना शिकवायला बोलवायची भाषा आहे. हलगीवाला स्थानिक कलावंत आहे की नाही, एवढं लेखी विचारायचं. मैदानावर नाही, वर्गात. मानधन ठरवून. खुर्ची देऊन. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेल्या पोरांना दहावीला वाढीव गुण मिळतात. लोककलेलाही त्यात जागा आहे, पण त्याला संस्थेचा दाखला लागतो. हलगी शिकणाऱ्या पोराला दाखला कोण देणार? तशी संस्था आपण का काढू नये?

आणि शाळा हो म्हणेपर्यंत थांबायचं नाही. आमच्या विहारात येत्या रविवारपासून सकाळी वर्ग भरवतोय. पेटी एक मिळाली आहे. हलगी शिकवायला तोच माणूस येणार आहे, चुन्याच्या रेषेबाहेर उभा केलेला. मी आणि त्याचा पोरगा घरी जाऊन विचारून आलो. आधी तो हसला. म्हणाला, "आता कोण शिकतंय ह्ये?" मग म्हणाला, "वही आणायला सांगा पोरास्नी. मी सांगतो, तुम्ही लिवा." त्याच्या हाताचे बोल आजवर कागदावर आलेले नाहीत. ते आम्ही मात्रा मोजून उतरवणार आहोत. भातखंड्यांनी उस्तादांचं जे केलं ते आपण आपल्या माणसांचं करू, फक्त त्यांचं नाव टिपेत न टाकता वर लिहू.

बहिणीला मी उत्तर दिलं. हलगीला चामडं असतं. ती अवनद्धच्या रकान्यातच येते. तिनं रेघेखाली तिन्ही नावं परत लिहिली, या वेळी शाईनं, आणि वही परत दाखवायला नेली. बाईंनी ती बराच वेळ बघितली म्हणे. रेघ मारली नाही. विचारलं, "हलगी शेकतात ती का गं?"

बहिणीनं सांगितलं.

जयभीम.